मूठभर पानं, बाकीचं रान

बौद्ध विचाराबद्दलची तुमची पत्रं बरेच दिवस साठत होती. त्यातली निवडक आज घेतो. प्रश्नांना उत्तरं कशी द्यावीत, हेही बुद्धानं सांगून ठेवलं आहे. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात प्रश्नांचे चार प्रकार येतात : सरळ उत्तर द्यावं असे, फोड करून सांगावं असे, उलट प्रश्न विचारून सोडवावे असे, आणि बाजूला ठेवून द्यावे असे. तुमच्या पत्रांत चारही प्रकार निघाले!

प्रश्न : एकविरा आईच्या दर्शनाला गेलो होतो. शेजारचीच कार्ल्याची लेणी बघून पायऱ्या उतरताना सातवीतल्या नातीनं विचारलं, "आजी, बुद्धानं नेमकं सांगितलं काय?" मी म्हटलं, "अहिंसा, शांती." ती म्हणाली, "ते तर सगळेच सांगतात." पुढे मला काही बोलता येईना. तिला काय सांगू? (एक आजी, चिंचवड)

उत्तर : नातीनं बरोबर पकडलं तुम्हाला. तिला आधी एक गोष्ट सांगा. कोसंबी नगरीजवळच्या शिंशपा वनात बुद्ध भिक्षूंबरोबर राहत होता. त्यानं थोडी पानं मुठीत घेतली आणि विचारलं, पानं जास्त कुठे आहेत, माझ्या मुठीत की या रानात? उत्तर उघड होतं. मग तो म्हणाला, मला जे कळलं ते रानाएवढं आहे आणि तुम्हाला सांगितलं ते या मुठीएवढं. कारण बाकीच्या पानांनी दुःख सुटत नाही.

त्या मुठीत चार पानं आहेत. त्यांना चार आर्यसत्यं म्हणतात. एकोणतिसाव्या वर्षी घर सोडलेल्या सिद्धार्थ गौतमाला पस्तिसाव्या वर्षी, आजच्या बोधगयेला, बोधी प्राप्त झाली. तिथून तो काशीजवळ सारनाथला चालत गेला. कठोर तपश्चर्या सोडली म्हणून रागावून त्याला टाकून गेलेले पाच जुने सोबती तिथे होते. त्यांना त्यानं पहिल्यांदा ही चार सत्यं सांगितली.

पहिलं सत्य, दुःख आहे. पालीत 'दुक्ख'. हे नुसतं रडणं नव्हे. म्हातारपण, आजार, मरण त्यात आहेच. पण नावडत्याशी गाठ पडणं, आवडत्याची ताटातूट होणं, हवं ते न मिळणं, हेही आहे. दिवाळीची सुट्टी लागते त्याच दिवशी ती संपणार म्हणून एक रुखरुख लागते ना, ती बारीक रुखरुखसुद्धा दुक्खच. सुख खोटं आहे असं बुद्ध म्हणत नाही. ते टिकत नाही आणि आपण ते टिकेल असं धरून चालतो, एवढंच त्याचं म्हणणं.

दुसरं सत्य, दुःखाला कारण आहे. त्या कारणाचं नाव 'तण्हा'. हा शब्द आपल्याला परका नाही. आपली 'तहान' याच प्राकृत शब्दातून आली. ही तहान तीन तऱ्हेची : भोगांची, आणखी काहीतरी होण्याची, आणि सगळं मिटून जावं, नकोच काही, अशी नसण्याची. तिसरीही तहानच आहे, हे विसरू नये.

तिसरं सत्य, ही तहान शमते. त्या शमण्याला निर्वाण म्हणतात. शब्दाचा अर्थ विझणं. विझतो तो लोभ, द्वेष आणि मोह यांचा जाळ.

चौथं सत्य म्हणजे तिथे नेणारा आठ अंगांचा मार्ग. दृष्टी आणि संकल्प नीट असावेत, ही झाली प्रज्ञा. बोलणं, वागणं आणि उपजीविका नीट असावी, हे शील. प्रयत्न, जागरूकता आणि चित्ताची एकाग्रता, ही समाधी. ही आठ पायऱ्यांची शिडी नाही, की एक संपली मग दुसरी. दोराला आठ पदर असावेत तशी ही अंगं एकमेकांत वळलेली आहेत.

रोग कोणता, कशामुळे झाला, बरा होतो का, औषध काय : वैद्य याच क्रमानं बोलतो. पहिलंच वाक्य ऐकून उठून जाणारे बौद्ध विचाराला निराशावादी म्हणतात. पण रोगाचं नाव सांगितलं म्हणून वैद्याला कोणी रडका म्हणत नाही.

नातीला सांगायचं ते इतकं : कुठे दुखतं ते नीट बघ, का दुखतं ते शोध, ते थांबू शकतं हे लक्षात ठेव, आणि थांबवायचा रोज सराव कर. हे मात्र सगळेच सांगत नाहीत.

प्रश्न : तहान सोडायची म्हणजे मुलीचं शिक्षण, स्वतःचं घर ही स्वप्नंही सोडायची का? मग माझ्यासारख्या संसारी माणसानं करावं काय? (एक रिक्षाचालक, नाशिक)

उत्तर : हा उलट प्रश्न विचारून सोडवायचा प्रकार. सोण नावाचा एक श्रीमंत घरचा तरुण भिक्षू झाला आणि ध्यान करत इतका चालला की पायांतून रक्त आलं. तरी काही साधेना. घरी परत जावं असं त्याच्या मनात आलं. तो आधी वीणा वाजवायचा, हे बुद्धाला ठाऊक होतं. त्यानं विचारलं, तार फार ताणली तर वीणा नीट वाजते का? नाही. फार ढिली सोडली तर? तरीही नाही. मग प्रयत्नांचंही तसंच आहे. मध्यम मार्ग तो हाच. त्याचा अर्थ 'थोडं हे, थोडं ते' असा नाही; सूर लागेल इतकाच ताण ठेवणं असा आहे.

पालीत इच्छेसाठी आणखी एक शब्द आहे, 'छंद'. तो बऱ्यावाईट दोन्ही अर्थांनी येतो. चांगल्या अर्थी चांगलं काम करण्याची ओढ. मुलगी शिकावी ही ओढ आहे. ती पहिलीच आली पाहिजे, नाहीतर मला तोंड दाखवायला जागा नाही, इथे तहान सुरू होते. फरक स्वप्नात नाही, त्याला आपण मारलेल्या मिठीत आहे.

आणि बुद्धानं संसारी माणसाला वाऱ्यावर सोडलेलं नाही. राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला त्यानं आईबाप-मुलं, नवरा-बायको, गुरू-शिष्य, मित्र, मालक-नोकर यांनी एकमेकांशी कसं वागावं ते तपशिलात सांगितलं. कमाईचा हिशोबसुद्धा दिला : चार भाग करावेत, एक खर्चाला, दोन कामधंद्यात, एक अडीअडचणीसाठी राखून. उपजीविका नीट असावी म्हणजे काय, तेही स्पष्ट आहे : शस्त्रं, माणसं व जिवंत प्राणी, मांस, दारू आणि विष यांचा व्यापार उपासकानं करू नये. रिक्षा या यादीत नाही. मीटरमध्ये खोट न करणं, एवढं आपल्या हाती.

प्रश्न : विहारात पंचशील घेतात. ते मोडलं तर पाप लागतं का? (एक शिक्षक, परभणी)

उत्तर : पंचशीलातल्या प्रत्येक कलमाला 'सिक्खापद' म्हणतात, म्हणजे शिकण्याचा धडा. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा यांपासून दूर राहण्याचा धडा मी घेतो, असं घेणारा स्वतःच्या तोंडानं म्हणतो. वरून कोणी हुकूम सोडत नाही, त्यामुळे हुकूम मोडल्याची शिक्षाही नाही. पण केल्याचा परिणाम चुकत नाही.

तो परिणाम कशावर ठरतो? बुद्धाच्या मते कर्म म्हणजे चेतना, करण्यामागचा हेतू. एका आंधळ्या थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, कथा आहे. पावसानंतर ते येरझाऱ्या घालत होते आणि पायाखाली किडे चिरडले गेले. इतर भिक्षूंनी तक्रार केली. बुद्ध म्हणाला, ते किडे मारताना तुम्हाला दिसले नाहीत, तसे त्यांनाही किडे दिसले नाहीत. मारण्याचा हेतूच नव्हता, मग दोष कसला? धडा मोडला तर पुन्हा घ्यायचा. विहारात लोक तो वारंवार घेतात, त्यामागची समज हीच.

प्रश्न : बौद्ध आत्मा मानत नाहीत. मग पुनर्जन्म होतो तो कोणाचा? (एक निवृत्त अभियंता, पुणे)

उत्तर : याची फोडच करावी लागेल. आणि फोड करण्यात वाकबगार असलेल्या एका भिक्षूचा संवाद आपल्या हाताशी आहे. आपल्याकडे घरोघरी मिलिंद आहेत, पण हे नाव एका ग्रीक राजाचं आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्येकडे राज्य करणारा मेनँडर, तोच पालीतला मिलिंद. त्याच्या आणि भिक्षू नागसेनाच्या प्रश्नोत्तरांचा ग्रंथ म्हणजे 'मिलिंदपञ्ह'. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभारलं आणि त्या परिसराला नागसेनवन नाव पडलं, ते या जोडीवरून : प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू.

नागसेन राजाला म्हणतो, नागसेन हे नुसतं नाव आहे. त्यामागे कायमचा असा कोणी 'मी' सापडत नाही. राजा म्हणतो, मग हे चीवर, हे भिक्षूचं वस्त्र, कोण पांघरतं? नागसेन विचारतो, महाराज, आपण कशानं आलात? रथानं. मग सांगा, जू म्हणजे रथ का? आस? चाकं? नाही. हे सगळे भाग वगळून रथ वेगळा कुठे आहे का? तोही नाही. भाग विशिष्ट रीतीनं जुळले की आपण रथ म्हणतो. माणसाचंही तसंच : शरीर, संवेदना, ओळखण्याची क्रिया, मनाच्या सवयी आणि जाणीव या पाच राशी, म्हणजे पाच स्कंध, एकत्र चालतात आणि त्या चालण्याला आपण 'मी' म्हणतो. 'मी' नाही असं नव्हे. न बदलणारा 'मी' नाही. काल पाहिलेली इंद्रायणी आज तीच असते का? पाणी वेगळं, पण नदी म्हणून आपण ओळखतो.

आता पुनर्जन्म. नागसेनाचं उत्तर, एका दिव्यानं दुसरा दिवा लावला तर पहिल्या दिव्यातून काही उडी मारून गेलं का? नाही. पण पहिल्याशिवाय दुसरा पेटला असता का? तेही नाही. पुढे जाते ती कार्यकारणाची साखळी, वस्तू नव्हे. 'हे असलं की ते होतं, हे नसलं की ते होत नाही' या विचाराला प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात आणि बौद्ध दर्शनाचा कणा तोच आहे. परंपरेतले बहुतेक बौद्ध या अर्थानं पुनर्जन्म मानतात. बाबासाहेबांनी मात्र आत्म्याचं स्थलांतर साफ नाकारून, शरीरातली पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार भूतं निसर्गात मिसळतात आणि त्यांतून नवं घडतं, असा पुनर्जन्माचा अर्थ लावला.

प्रश्न : जग कोणी निर्माण केलं, याबद्दल बुद्ध काय म्हणतो? आणि बुद्ध स्वतः देव की विष्णूचा अवतार? (दोन पत्रांतला प्रश्न)

उत्तर : पहिला भाग बाजूला ठेवून देण्याचा. मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्षूनं असंच अडून विचारलं होतं : जग शाश्वत आहे की नाही, अंत असलेलं की अनंत, ते सांगा, नाहीतर मी संघ सोडतो. बुद्धानं त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचं उदाहरण दिलं. तो म्हणतो, बाण कोणी मारला, त्याचं कूळ कोणतं, धनुष्याची दोरी कशाची होती, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही. उत्तरं मिळण्याआधी तो मरेल. प्रश्न वाईट नाहीत. ते रानातल्या पानांपैकी आहेत, मुठीतल्या नाहीत.

दुसऱ्या भागाला सरळ उत्तर आहे. बुद्ध म्हणजे जागा झालेला माणूस. वयाच्या ऐंशीव्या वर्षी कुशीनगरला तो आजारी पडून गेला. आपल्यामागे कोणाला गुरू न नेमता, धम्म आणि विनय (संघाचे नियम) हेच तुमचे गुरू, असं सांगून गेला. पुराणांनी त्याला विष्णूच्या अवतारांत घेतलं, पण बौद्धांना ते मान्य नाही. बाबासाहेबांनी धम्मदीक्षेवेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत तर त्याचा स्पष्ट इन्कार आहे.

प्रश्न : शाळेत 'हीनयान आणि महायान' शिकलो. दोघांत थोर कोण? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : 'हीनयान' हे विरोधकांनी ठेवलेलं नाव आहे, ते वापरू नये. श्रीलंका, म्यानमार, थायलंडमध्ये आज आहे तो थेरवाद, पाली त्रिपिटकाला धरून चालणारा. चीन, कोरिया, जपानमध्ये महायान. त्यात बोधिसत्त्व, म्हणजे सगळ्यांची सुटका व्हावी म्हणून झटणारा, हा आदर्श पुढे आला. तिबेटमधलं वज्रयान महायानातूनच वाढलं. अजिंठ्याला एकाच डोंगरात दोन काळ दिसतात : नऊ आणि दहा क्रमांकाच्या जुन्या चैत्यांत पूजेला स्तूप, आणि नंतरच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व पद्मपाणी. चार सत्यं मात्र सगळीकडे तीच.

प्रश्न : मी इगतपुरीला विपश्यनेचं शिबिर केलं. म्हणजे मला बौद्ध धर्म कळला का? (एक गृहिणी, ठाणे)

उत्तर : एक अंग अनुभवलंत. ब्रह्मदेशात जन्मलेले सत्यनारायण गोएंका तिथल्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही पद्धत शिकले आणि १९६९ मध्ये भारतात येऊन शिकवू लागले. इगतपुरीचं धम्मगिरी हे त्यांच्या परंपरेचं मोठं केंद्र. शरीर, संवेदना, चित्त आणि मनात येणारे विषय यांकडे जागेपणानं पाहणं, हा त्या साधनेचा जुना पाया सतिपट्ठान सुत्तात आहे. पण आठ अंगांतलं ते एक. दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळून अकराव्या दिवशी घरकाम करणाऱ्या बाईंवर ओरडलो, तर बोलण्याचं अंग राहिलंच. (तुम्ही ओरडलात असं म्हणत नाही, मी ओरडलो होतो.)

प्रश्न : मी बौद्ध कुटुंबातली. घरी सांगतात, 'धर्म' नाही, 'धम्म' म्हण. बाबासाहेबांचा धम्म आणि पुस्तकांतला बौद्ध धर्म वेगळा आहे का? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत आणि त्यांतले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. त्यामुळे हा प्रश्न आपल्या घरचाच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला तुमच्याच शहरात बाबासाहेबांनी कुशीनगरच्या भिक्षू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग लाखोंना स्वतः दिली. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये निघाला. त्यात ते म्हणतात, ज्याला धर्म म्हणतात तो खाजगी असतो, तर धम्म सामाजिक. एकटा माणूस असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसं एकत्र आली की धम्माशिवाय चालत नाही. देव आणि आत्मा हे धम्माचे विषय नाहीत, माणसामाणसांतलं नातं हा त्याचा विषय.

त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी अवघड शंका काढल्या. मी वर ज्यांना मुठीतली पानं म्हटलं, ती चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतलीच आहेत की भिक्षूंनी नंतर घातलेली, हाही प्रश्न त्यांनी विचारला. जगणं म्हणजेच दुःख असं म्हटलं तर सुधारणेला वावच उरत नाही, ही त्यांची अडचण होती. त्यांच्या मांडणीत माणसानं माणसावर लादलेलं दुःख, म्हणजे जात, दारिद्र्य, शोषण, मध्यभागी येतं. पण अष्टांगिक मार्गाचं पालन बावीस प्रतिज्ञांत आहेच. म्हणजे औषध तेच. रोग कुठे कुठे पसरला आहे हे त्यांनी अधिक नीट दाखवलं.

जातीला असा धक्का देणं अगदी नवंही नाही. संघात प्रवेश घेताना बुद्धाच्याच शाक्य कुळातल्या राजकुमारांनी आपल्या न्हाव्याला, उपालीला, आधी दीक्षा द्यायला लावली, म्हणजे पुढे आपल्याला त्याला वंदन करावं लागेल आणि कुळाचा ताठा उतरेल. जुन्या कथा तपासून घेण्याची रीतही मराठीत बाबासाहेबांआधीची. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध विद्येच्या ओढीनं सिलोनपर्यंत गेले आणि भिक्षू झाले. १९४० च्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थानं घर सोडल्याची कथा बाजूला ठेवली आणि शाक्य आणि शेजारचे कोलिय यांच्या भांडणाकडे बोट दाखवलं. बाबासाहेबांच्या ग्रंथातही याच दोन कुळांतला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा मोक्याच्या जागी येतो. पाण्यावरून पेटणारी भांडणं आपल्याला समजावून सांगावी लागत नाहीत!

प्रश्न : हे सगळं खरं कशावरून? (नाव-गाव नसलेलं कार्ड)

उत्तर : हाच प्रश्न केसपुत्त गावच्या कालाम लोकांनी विचारला होता. जो येतो तो आपलं खरं, दुसऱ्याचं खोटं म्हणतो. आम्ही कोणाचं मानावं? बुद्धानं सांगितलं, परंपरेनं आलं, ग्रंथात आहे, तर्काला पटतं, आपले गुरू म्हणतात, एवढ्यावर मानू नका. अमुक केल्यानं लोभ आणि द्वेष वाढतो, स्वतःचं आणि दुसऱ्याचं नुकसान होतं, जाणती माणसं त्याला नावं ठेवतात, हे तुमचं तुम्हाला कळलं की ते सोडा. उलट कळलं की धरा. 'मला वाटतं तेच खरं' अशी मुभा यात नाही, हेही पाहा. वागून बघायचं आणि परिणाम तपासायचा, ही अट आहे. मी लिहिलेल्या उत्तरांनाही ती लागू.

शेवटी पुन्हा चिंचवडच्या आजींना. पुढच्या खेपेला नातीला कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी थांबवा. आत गाभ्यात मूर्ती नाही, स्तूप आहे. वर छताला लाकडी कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. आणि दाराशी ब्राह्मी अक्षरांत एक लहानसा लेख आहे : हे दार धेनुकाकटाच्या सामि नावाच्या सुतारानं केलं. आजूबाजूला व्यापाऱ्यांची, यवनांची (म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्यांची) दानं कोरलेली आहेत, त्यांच्यातच हा सुतार. रानातली किती पानं त्याला ठाऊक होती, कोण जाणे. पण हातचं काम नीट करावं आणि त्यातलं चार लोकांना द्यावं, हे पान त्याच्या मुठीत होतं. नातीनं पुन्हा विचारलं, की बुद्धानं काय सांगितलं, तर आधी ते दार दाखवा.